चित्ररचनेचे कायदे आणि चित्रकाराची मुभा

चित्राच्या चौकटीत कोणती वस्तू कोठे ठेवावी, मोकळी जागा किती सोडावी, नजर कोठून आत घ्यावी आणि कोठे विसावू द्यावी, याविषयीचे जे नियम आज चित्रकलेच्या आणि छायाचित्रणाच्या वर्गांतून शिकविले जातात, त्यांना आधार किती आहे हे तपासणे म्हणजे कलेची अवज्ञा करणे, असे मानण्याचे कारण नाही. उलट, ज्याला चित्रांविषयी मनापासून आस्था आहे त्याने ही तपासणी एकदा मुळापासून करावी हेच इष्ट. कारण या नियमांपैकी काहींना इतिहासात दाखलाच नाही, काहींना आहे पण तो भलत्याच अर्थाने, आणि काही मात्र प्रयोगाच्या कसोटीलाही बऱ्याच अंशी उतरलेले आहेत. नियम खरा की खोटा एवढाच निकाल मागितला की गफलत होते. तो कोणी, केव्हा आणि कोणत्या कामासाठी घडविला हे विचारले, म्हणजे बहुतेक गैरसमज आपोआप उलगडू लागतात.

सर्वांत बलवत्तर समजूत सुवर्णगुणोत्तराची. एखाद्या रेषेचे असे दोन भाग करावेत, की लहान भागाचे मोठ्या भागाशी जे प्रमाण तेच मोठ्या भागाचे संपूर्ण रेषेशी असावे. हे प्रमाण १ ला १.६१८ असे येते. प्राचीन ग्रीकांनी आपली मंदिरे याच प्रमाणात बांधली, लिओनार्दोने आपली चित्रे यावरच बेतली, आणि मानवी डोळ्याला हेच प्रमाण स्वभावतः सर्वाधिक प्रिय आहे, असे सर्रास सांगितले जाते. यातली पहिली बाब मापानेच निकालात निघते. अथेन्सच्या पार्थेनॉनचे बांधकाम इ. स. पूर्व ४४७ मध्ये सुरू झाले. त्याच्या चौथऱ्याची लांबी सुमारे ६९.५ मीटर आणि रुंदी सुमारे ३०.९ मीटर, म्हणजे प्रमाण ९ ला ४. हे साधे पूर्णांकांचे प्रमाण आहे आणि ते १.६१८ च्या जवळपासही जात नाही. दर्शनी भागावर जो सुवर्ण आयत आखून दाखवितात त्याचा पाया कोणत्या पायरीवर धरावा हे आखणाराच्या मर्जीवर असते, आणि इतके करूनही इमारतीचे काही कोपरे त्या आयताबाहेर राहतात.

लिओनार्दोचा मामला थोडा निराळा आहे, कारण तेथे एक खरा धागा आहे. लुका पाचोली या गणितज्ञ धर्मगुरूने या ‘दैवी’ प्रमाणावर लिहिलेला ग्रंथ १५०९ मध्ये व्हेनिस येथे छापला गेला, आणि त्यातील घनाकृतींची चित्रे लिओनार्दोने काढलेली आहेत. परंतु त्याच ग्रंथात मनुष्यदेह आणि वास्तू यांच्या प्रमाणांचा विचार येतो तेव्हा पाचोली रोमन वास्तुविशारद विट्रुव्हियस याच्या सरळ पूर्णांकी प्रमाणांकडे वळतो; चित्रकारांनी आपले फलक सुवर्णगुणोत्तराने विभागावेत अशी शिफारस तो करीत नाही. वर्तुळात आणि चौरसात उभ्या केलेल्या मनुष्याच्या प्रसिद्ध रेखाटनाभोवती लिओनार्दोने जो मजकूर लिहिला आहे, त्यातही डोके उंचीच्या एक अष्टमांश, चेहरा एक दशमांश असेच अपूर्णांक येतात. ‘मोनालिसा’चा फलक ७७ सेंटिमीटर उंच आणि ५३ सेंटिमीटर रुंद, भागाकार १.४५.

मग ही समजूत आली कोठून? युक्लिडला हे प्रमाण ठाऊक होते, पण त्याच्यालेखी ती भूमितीतील एक रचना होती, सौंदर्याची सनद नव्हती. ‘सुवर्ण’ हे विशेषण जर्मन गणितज्ञ मार्टिन ओम याच्या १८३५ च्या पुस्तकात छापील स्वरूपात आढळते, आणि मानवी शरीरापासून निसर्गातील यच्चयावत रचनेपर्यंत सर्वत्र याच प्रमाणाचा अंमल आहे असा सिद्धान्त आडोल्फ झायझिंग याने १८५४ मध्ये मांडला. त्याची परीक्षा घेण्याची तजवीज गुस्टाव्ह फेख्नर या शास्त्रज्ञाने केली. सारख्या क्षेत्रफळाचे पण निरनिराळ्या प्रमाणांचे दहा आयत लोकांपुढे मांडून त्याने त्यांची आवड विचारली, आणि १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्याच्या निष्कर्षांत सुमारे ३५ टक्के पसंती सुवर्ण आयताला मिळालेली दिसते. येथपर्यंतची हकीकत पुस्तके सांगतात. पण याच फेख्नरने संग्रहालयांतील हजारो चित्रांची मापे गोळा केली तेव्हा चित्रकारांचे फलक सरासरीने सुवर्णगुणोत्तराहून बरेच आखूड, म्हणजे चौरसाकडे अधिक झुकलेले आढळले, हा उत्तरार्ध मात्र सहसा वगळला जातो. आणि पुढील शतकात इतरांनी केलेल्या आयतांच्या प्रयोगांत पहिला निकाल स्थिरपणे पुन्हा हाती आला नाही, हेही.

चित्रांवर रेषा आखून जे पुरावे दिले जातात त्यांची दुर्बलता एका साध्या हिशेबाने कळते. ६० सेंटिमीटर रुंदीचा फलक घ्यावा. त्यावर तृतीयांशाची रेषा कडेपासून २० सेंटिमीटरवर येते आणि सुवर्णविभागाची सुमारे २२.९ सेंटिमीटरवर. दोहोंत तीन बोटांचेही अंतर नाही. तेवढ्या जागेत एक मध्यम आकाराचा चेहरा दोन्ही रेषांना सहज स्पर्श करून बसतो, आणि मग सुवर्णगुणोत्तराचा पुरस्कर्ता व तृतीयांशाचा पुरस्कर्ता असे दोघेही तेच चित्र आपापल्या पक्षाचा साक्षीदार म्हणून रुजू करतात. त्यावर कर्ण, लंब आणि मळसूत्राची वळणे आणखी आखली, म्हणजे कोणत्याही चित्रातील काही ना काही त्यांपैकी कशावर तरी पडणारच. चित्र रचून झाल्यावर आखलेली रेषा रचना कशी झाली याचा पुरावा होऊ शकत नाही. मात्र ज्यांनी हे प्रमाण जाणूनबुजून वापरले त्यांची गोष्ट वेगळी. पॅरिसमध्ये १९१२ साली भरलेल्या घनवादी चित्रकारांच्या प्रदर्शनाने तर आपले नावच ‘सुवर्णविभाग’ असे ठेवले होते. पुढे वास्तुकार ल कॉर्ब्युझिए याने आपली मापनपद्धती या प्रमाणावर उभारली, आणि साल्व्हादोर दाली याने १९५५ मधील ‘अंतिम भोजना’चे चित्र याच आयतात योजिले. त्यांना एक बंधन हवे होते, ते त्यांनी निवडले आणि त्यातून चांगले काम करून दाखविले. त्याचे श्रेय त्यांच्या कामाला आहे, आकड्याच्या अंगभूत सामर्थ्याला नव्हे.

तृतीयांशाच्या नियमाची कथा त्या मानाने लहान आहे. आज प्रत्येक मोबाईलच्या कॅमेऱ्यात नऊ घरांची जी जाळी उमटते, तिचे चार छेदनबिंदू म्हणजे चित्राची मर्मस्थाने असे सांगतात. हे नाव प्रथम इंग्रज चित्रकार व लेखक जॉन टॉमस स्मिथ याच्या १७९७ मधील ग्रामीण दृश्यांवरील पुस्तकात येते. जोशुआ रेनल्ड्झ याने प्रकाश आणि छाया यांचे समसमान वाटे करू नयेत असे जे सुचविले होते, त्याचाच स्मिथने विस्तार केला, आणि जमीन-आकाश, वस्तुमान-अवकाश अशा जोड्यांतही एकाला साधारण दोन वाटे व दुसऱ्याला एक द्यावा, असे म्हटले. म्हणजे मुळात ही वाटणी होती. छेदनबिंदूवर वस्तू नेऊन ठेवावी असा हुकूम तिच्यात नव्हता. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संगणकीय अभ्यासात छायाचित्रे आणि चित्रे मोठ्या संख्येने तपासली गेली, तेव्हा उत्तम गणलेल्या कृतींतही या नियमाचा वाटा, असलाच तर, अगदी किरकोळ आढळला. छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ याने तर १९५२ मध्येच, कॅमेऱ्याच्या काचेवर अशा रचनेच्या जाळ्या बसविल्या जाण्याचा दिवस येऊ नये अशी इच्छा लिहून ठेवली होती.

या नियमाचीच दुसरी बाजू म्हणजे मुख्य विषय मध्यभागी ठेवल्यास चित्र निर्जीव होते ही समजूत. तसे असते तर मिलानच्या भिंतीवरील लिओनार्दोच्या ‘अंतिम भोजना’त ख्रिस्त मध्यावर आणि यथार्थदर्शनाचा लयबिंदू त्याच्या मस्तकापाशी, ही योजना फसावयास हवी होती, आणि राजा रविवर्म्याच्या छापखान्यातून निघून महाराष्ट्रातील घराघरांच्या भिंतीवर पोहोचलेली, कमळावर समोर तोंड करून उभी असलेली लक्ष्मीही. वारली लग्नघरातील भिंतीवर सुवासिनी जो चौक लिहितात, त्याच्या नक्षीदार चौकटीच्या आत पालघट देवी असते, ती बाजूला सरकविण्याची कल्पनाही कोणाच्या मनात येणार नाही. पूजेच्या मूर्तीला भक्ताच्या समोर असावे लागते. ज्या चित्राचे काम दर्शन देणे आहे त्याला मध्य हेच योग्य स्थान. उलट, व्हेनिसच्या फ्रारी चर्चमधील टिशियनच्या १५२६ मध्ये पूर्ण झालेल्या वेदीचित्रात मेरी मध्यापासून उजवीकडे सरकलेली आहे, त्यामागेही जागेचेच कारण संभवते. हे चित्र मुख्य वेदीवर नसून बाजूच्या भिंतीवर आहे, आणि मंडपातून चालत येणाऱ्याला ते प्रथम तिरपे दिसते. क्ष-किरण परीक्षेत त्यातील वास्तूची योजना टिशियनने पुन्हा पुन्हा बदलल्याचे दिसून आले. कोणत्याही तयार जाळीने त्याला उत्तर पुरविले नव्हते. ते फलकावरच शोधावे लागले.

आता नजरेविषयी. चित्रातील रस्ता, नदी, कुंपण, उगारलेला हात अशा रेषा प्रेक्षकाची नजर बोट धरून ठरलेल्या क्रमाने फिरवितात, असे कलासमीक्षक इतक्या विश्वासाने लिहीत आले आहेत की त्याला पुरावा लागतो हेच आपण विसरलो. डोळा मुळी रेषेवरून सरकत जात नाही. तो सेकंदाला सुमारे तीन उड्या घेतो, आणि प्रत्येक मुक्कामी त्याला स्पष्ट दिसतो तो भाग हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या रुंदीएवढाच. शिकागो येथील गाय बझवेल याने १९३५ मध्ये लोकांच्या नेत्रगतीच्या नोंदी प्रसिद्ध केल्या, त्यांत समीक्षकांनी कल्पिलेले ते वळणदार मार्ग सापडले नाहीत. प्रेक्षक आधी चित्रभर धावती नजर टाकतात आणि मग मोजक्या जागी अधिक वेळ रेंगाळतात, आणि हे मुक्काम माणसामाणसांत बदलतात, असे आढळले.

रशियन शास्त्रज्ञ आल्फ्रेड यार्बुस याचा प्रयोग तर प्रत्येक चित्रकाराने मनन करावा असा आहे. इल्या रेपिनचे एक चित्र आहे: राजकीय हद्दपारीतून अवचित परतलेला माणूस खोलीत पाऊल टाकतो आहे, वृद्ध स्त्री खुर्चीतून उठते आहे, मुले टेबलाशी बसल्या जागी वळून पाहत आहेत. यार्बुसने डोळ्यावर बसविलेल्या चिमुकल्या आरशाच्या साहाय्याने एकाच प्रेक्षकाच्या नजरेची नोंद सात वेळा घेतली. एकदा काही न सांगता, आणि पुढे दर वेळी नवा प्रश्न देऊन. माणसांची वये विचारली तेव्हा नजर चेहऱ्याचेहऱ्यांवरून फिरत राहिली. घराच्या सांपत्तिक स्थितीचा अंदाज मागितला तेव्हा ती सामानसुमान आणि कपडे धुंडाळू लागली. पाहुणा किती काळ दूर होता असे विचारताच तो आणि घरची माणसे यांच्या चेहऱ्यांमध्ये ती ये-जा करू लागली. फलक तोच, त्यातील रेषा त्याच, आणि मार्ग सात. पाहणाराच्या मनातील प्रश्नाची सत्ता रेषेच्या सत्तेहून मोठी आहे, एवढे तरी यातून निर्विवाद ठरते.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की रचनेची तत्त्वे सगळीच थोतांड आहेत आणि चित्रकाराने मनास येईल तसे मांडावे. हा गैरसमज पहिल्यांइतकाच घातक आहे, आणि तरुण विद्यार्थ्यांत तो आता अधिक आढळतो. नजर रेषेची गुलाम नसली तरी ती वाटेल तेथे जात नाही: तीव्र छायाप्रकाशाचा विरोध, आणि विशेषतः माणसाचा चेहरा, तिला फार लवकर ओढून घेतात, हे त्याच नोंदींतून दिसते. समतोलाची जाणीवही केवळ शिकविलेली नसावी. मोंद्रिआनच्या सरळ रेषांच्या चित्रांतील एखादी रेषा संगणकावर थोडी सरकवून, मूळ आणि बदललेले चित्र जोडीने लोकांपुढे ठेवण्याचा प्रयोग १९९३ मध्ये मानसशास्त्रज्ञ मॅकमॅनस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला; लोकांची निवड निव्वळ योगायोगाहून थोडीशी, पण खात्रीलायकपणे, मूळ चित्राकडे झुकली. ‘थोडीशी’ आणि ‘खात्रीलायक’ या दोन्ही शब्दांना सारखेच वजन दिले पाहिजे. डावी-उजवी बाजूही निरर्थक नाही: डावीकडून वाचणारे फ्रेंच आणि उजवीकडून वाचणारे हिब्रू वाचक यांच्यापुढे चित्रे आणि त्यांची आरशातील रूपे ठेवली असता, त्यांच्या आवडी विरुद्ध दिशांना कलल्या. म्हणजे हा प्रभाव खरा आहे, पण तो लिपीच्या सवयीतून आलेला आहे आणि म्हणून सार्वत्रिक नाही.

आपल्याकडे या चर्चेत षडंगाचा उल्लेख हटकून होतो आणि भारतीय रचनेचे सहा नियम म्हणून तो सांगितला जातो. रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग ही सहा अंगे यशोधराच्या कामसूत्रावरील ‘जयमंगला’ टीकेत येतात. चित्रात काय साधले पाहिजे ते त्यांत सांगितले आहे. चौकटीत कोणती वस्तू कोठे ठेवावी याचा तपशील त्यांत नाही, आणि तो तेथे शोधू नये.

तो तपशील पाहावयाचा तर अजिंठ्याला जावे. पाचव्या शतकात, वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळी, कोरलेल्या सतराव्या लेण्याच्या उजव्या भिंतीवर सिंहल अवदानाची कथा आहे: व्यापाऱ्याचे फुटलेले जहाज, राक्षसींचे बेट, शुभ्र अश्वावरून सुटका, राजवाडा, आणि शेवटी सिंहलाची त्या बेटावरील स्वारी. तेथे चौकट नाही, तृतीयांश नाही आणि कथेचा सरळ क्रमही नाही. दिएतर श्लिंगलोफ आणि विद्या देहेजिया यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखविले आहे की अजिंठ्याचा चित्रकार प्रसंगांची मांडणी पुष्कळदा काळाने न करता स्थळाने करतो: एका ठिकाणी घडलेल्या निरनिराळ्या वेळच्या घटना तो शेजारीशेजारी आणतो, आणि कथेला मागेपुढे जावे लागले तरी स्थळ अढळ ठेवतो. ही रचना अव्यवस्थित आहे असे तिला पाश्चात्त्य चौकटीच्या मापाने पाहणाऱ्यांनाच वाटत असे. ज्याला कथा आधीच ठाऊक आहे, जो भिंतीच्या कडेने पावले टाकीत, जवळ जात आणि मागे सरत ती पाहणार आहे, अशा प्रेक्षकासाठी ती केलेली आहे. आणि तिच्यातील मोकळी जागा, खांब, खडक आणि दरवाजे यांची कामे त्या चालत्या प्रेक्षकाच्या हिशेबाने लावून पाहिली, की कोणती वस्तू कोठे आणि का, याचे उत्तर भिंतीवरच मिळू लागते.