यंत्र बदलते, विचाराची रीत टिकते

संगणकाची आज्ञावली, म्हणजेच प्रोग्रॅम, लिहिण्यास मुलांना शिकवावे असे सुचविले की शिक्षकांच्या मनात एक शंका येते. आज शिकविलेली भाषा मूल मोठे होईतो मागे पडली, तर सारे श्रम वाया जाणार नाहीत काय?

ही शंका निराधार नाही. १९६४ साली निघालेली बेसिक ही भाषा भारत सरकारच्या १९८४-८५ च्या ‘क्लास’ योजनेतून शाळांत आलेल्या संगणकांवर चालत असे. ते संगणक आज उरले नाहीत. आता मुले २००७ साली प्रसिद्ध झालेल्या स्क्रॅचमध्ये ठोकळे जोडून आज्ञा देतात. परंतु असा प्रसंग शाळांवर पूर्वीही आला होता. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. आणे-पैची कोष्टके मागे पडली. हिशेब मांडण्याची व ताळा पाहण्याची सवय मात्र नव्या नाण्यांनाही उपयोगी पडली.

आज्ञावलीतही टिकणाऱ्या गोष्टी मोजक्याच आहेत. मोठ्या कामाचे लहान टप्पे पाडणे, त्यांचा क्रम लावणे, ‘असे असेल तर हे, नसेल तर ते’ अशी अट घालणे, तेच काम ठरावीक वेळा करविणे आणि चूक शोधून दुरुस्त करणे, या त्या गोष्टी होत. त्या बेसिकमध्ये होत्या, स्क्रॅचमध्येही आहेत.

त्या समजाविण्यास उदाहरण जिल्ह्यातच आहे. नगर तालुक्यातील हिवरे बाजार येथे पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात. प्रथम पिण्याचे पाणी राखावयाचे, मग उरलेल्या पाण्यावर पिके ठरवावयाची. पाऊस कमी झाला तर अधिक पाणी लागणारी पिके टाळावयाची. क्रम व अट यांचा हा उत्तम पाठ होय. मुलांनी आपल्या गावच्या पाण्यासाठी असेच नियम पाटीवर लिहावेत. एकाने ते वाचावेत, दुसऱ्याने जसेच्या तसे पाळावेत. पाऊस मुळीच न झाल्यास काय करावे हे लिहावयाचे राहिले असेल, तर पाळणारा तेथेच अडेल आणि लिहिणाऱ्यास आपली उणीव दिसेल. संगणकही सांगितले तेवढेच करतो.

म्हणून शाळेतील संगणक बंद पडला तरी हा पाठ बंद पडू देऊ नये. चूक झाल्यास मुलास न रागावता ‘कोणत्या टप्प्यावर अडले?’ एवढेच विचारावे. तो टप्पा स्वतः शोधण्याची सवय ज्या मुलास लागली, त्यास उद्याची भाषा परकी वाटणार नाही.