जुन्या गाडीच्या इंजिनातील काजळी आणि बाटलीतले औषध



नामपूरच्या बाजारात कांदा आता बहुतेक ट्रॅक्टर-ट्रॉलीने आणि पिकअपने येतो. तरी मोसम खोऱ्यातल्या पुष्कळ घरांपुढे एखादी जुनी मारुती ८०० किंवा ओम्नी व्हॅन अजून उभी दिसते. डाळिंबाचे क्रेट, फवारणीचा पंप, मळ्यातल्या बायामाणसांची ने-आण, रात्री-अपरात्री दवाखाना, सगळे तिच्यावरच. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि २०१४ च्या सुरुवातीला तिचे उत्पादन थांबले. ओम्नी २०१९ मध्ये बंद झाली. तेव्हा या गाड्या आता जुन्याच म्हणायच्या. चढाला त्या दमतात, धूर टाकतात, आणि मग दुकानदार काउंटरवर एक बाटली ठेवतो : "हे टाकीत ओता, सगळा कार्बन निघून जाईल."

बाटली खोटी नसते, पण ती सगळ्या रोगांवरचे औषधही नव्हे. कोणत्या गाडीला ती लागू पडेल आणि कोणत्या गाडीचे पैसे पाण्यात जातील, हे आधी ओळखता आले पाहिजे.

काजळी येते कुठून? चुलीत ओली लाकडे घातली आणि फुंकणी कमी पडली की भांड्याचे बूड काळे होते ना, तसेच इंजिनात होते. पेट्रोलला पुरती हवा मिळाली नाही किंवा इंजिन पुरते तापले नाही, तर जळण अर्धवट होते आणि काळा थर पिस्टनच्या डोक्यावर, व्हॉल्व्हवर, हेडच्या पोकळीत बसतो. दुसरी काजळी ऑइलची. रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीलं झिजली की इंजिन ऑइल वर चढते, जळते आणि चिकट, टणक थर धरते. पहिली काजळी औषधाने बरीच निघते. दुसरी निघाली तरी पुन्हा बसते, कारण ऑइल यायचे थांबलेलेच नसते.

आपल्याकडे पहिल्या काजळीला आणखी एक कारण आहे. गाडी गावातून मळ्यापर्यंत दोन किलोमीटर जाते, तासभर उभी राहते, पुन्हा दोन किलोमीटर परत येते. इंजिन कधी नीट तापतच नाही. सकाळी ओढलेला चोक काही जण मळ्यात पोचेपर्यंत तसाच ठेवतात. त्यात उन्हाळ्यातली धूळ, आणि एअर क्लिनर महिनोन् महिने न उघडलेला. अशी गाडी वर्षभरात जेवढी काजळी धरते, तेवढी रोज मालेगावला ये-जा करणारी गाडी धरत नाही.

थर जाड झाला की सिलिंडरातली जागा कमी होते, दाब वाढतो आणि थरातले निखाऱ्यासारखे लाल ठिपके ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटवतात. मग ताहाराबादवरून पुढे सेलबारीचा घाट चढताना किंवा नांदुरीहून सप्तशृंगी गडाकडे जाताना इंजिन टकटक ठोका देते. कार्ब्युरेटरच्या गाडीत तर चावी काढली तरी इंजिन चार-सहा गचके खाऊन मग थांबते. ही दोन्ही लक्षणे काजळीची असू शकतात. मात्र टायमिंग पुढे सरकले असेल किंवा इंजिन उकळत असेल तरीही ठोका येतो, म्हणून एवढ्यावरून निकाल देऊ नये.

आता गाडी तपासायची कशी ते पाहू. इंजिन थंड असताना प्लग काढा. गरम इंजिनातून काढू नका, हेड ॲल्युमिनियमचे असते, आटे जातात. प्लगचे टोक फिकट तपकिरी असेल तर इंजिन ठीक आहे. कोरडे काळे, बोटाला काजळ लागावे तसे असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. ओले काळे, तेलकट असेल तर ऑइल वर येते आहे. तीन प्लगांपैकी एकच वेगळा दिसला तर दुखणे त्या एकाच सिलिंडरात आहे.

धूरही बोलतो. काळा धूर पेट्रोलचा, निळा ऑइलचा. थंडीत सकाळी जो पांढरा वाफारा निघतो तो काही वेळाने जातो, त्याची काळजी नको. पण तापलेल्या गाडीचा दाट पांढरा धूर थांबतच नसेल आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केट बघा. निळ्या धुरातही भेद आहे. घाट उतरून आल्यावर ॲक्सिलरेटर दाबताच निळा झोत निघाला तर बहुधा व्हॉल्व्हची सीलं गेली. चढावर, ओझे असताना सतत निळा धूर असेल तर संशय रिंगांचा.

माझ्या स्वतःच्या व्हॅनचे सांगतो. निळा धूर दिसत असतानाही मी एका महिन्यात दोन बाटल्या ओतल्या. धूर तसाच, ऑइलची पट्टी दर आठवड्याला खाली. शेवटी मिस्त्रीने कॉम्प्रेशनचे मीटर लावले. आधी कोरडे माप घेतले, मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा घेतले. दुसऱ्या वेळी आकडा चांगलाच वाढला असता तर रिंगा झिजल्या असे ठरले असते. तो वाढला नाही, आणि आधीचे माप मुळातच चांगले होते. व्हॉल्व्हची सीलं कडक झाली होती. ती बदलली आणि धूर थांबला. दोन बाटल्यांचे पैसे माझ्या घाईचे.

तपासणीत कोरडी काळी काजळी निघाली तर आधी एअर क्लिनर साफ करा किंवा बदला, चोक पुरता उघडतो का ते पाहा, कार्ब्युरेटर व टायमिंग लावून घ्या. मग बाटली. हा क्रम उलटा करू नका.

बाटली घेताना ती पेट्रोलची आहे ना हे वाचून घ्या. डिझेलची वेगळी असते. 'पॉलिइथर अमाइन' किंवा इंग्रजीत पी.ई.ए. अशी तीन अक्षरे लेबलावर असली तर बरे. हे द्रव्य पेट्रोलबरोबर आत जाऊन व्हॉल्व्हच्या पाठीवरचा आणि पिस्टनच्या डोक्यावरचा थर हळूहळू सोडवते. प्रमाण बाटलीवरचेच पाळा. समजा ३०० मिलि औषध ६० लिटरला सांगितले आहे, म्हणजे लिटरला ५ मिलि. मारुती ८०० ची टाकी २८ लिटरची, तिला १४० मिलि पुरे. सगळी बाटली ओतली म्हणून दुप्पट सफाई होत नाही. मापाला स्वयंपाकघरातले भांडे घेऊ नका, आणि उरलेली बाटली पोरांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका.

औषध आधी टाकीत, पेट्रोल त्यावर, म्हणजे आपोआप मिसळते. त्यानंतर ती टाकी मळ्याच्या फेऱ्यांत संपवू नका. सटाण्याला, मालेगावला काम काढा आणि इंजिन तापलेले राहील अशी गाडी चालवा. टाकी जुनी असेल तर तळाचा गंज आणि गाळही सुटतो, म्हणून पेट्रोलचा एक फिल्टर जवळ ठेवा. गाडी मध्येच अडली तर आधी तोच बघा. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या गाडीच्या रबरी नळ्या त्यासाठी बनवलेल्या नव्हत्या. त्या चिरल्या आहेत का तेही याच वेळी पाहून घ्या. गळणारे पेट्रोल आणि तापलेले इंजिन यांची गाठ पडू देऊ नका.

ती टाकी संपली की इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला, कारण सुटलेली घाण थोडीफार ऑइलमध्ये उतरते. काढलेले ऑइल विहिरीजवळ, चारीत किंवा बांधावर ओतू नका. प्लग साफ करून पुन्हा बघा. फरक पडायचा असेल तर एका-दोन टाक्यांत कळतो.

काही गॅरेजात प्लगच्या भोकातून औषध सोडून रात्रभर भिजत ठेवतात. अडकलेल्या रिंगा याने कधी कधी मोकळ्या होतात, पण हे घरी करू नका. औषध आत राहिले आणि प्लग लावून स्टार्टर मारला तर पातळ पदार्थ दाबला जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. कॉइलची वायर काढून, भोकांवर फडके ठेवून, प्लग न लावता इंजिन फिरवून सगळे बाहेर काढावे लागते. चालत्या कार्ब्युरेटरमध्ये पाणी शिंपडायची जुनी युक्तीही तशीच धोक्याची आहे.

रॉकेलबद्दल तर बोलूच नये असे वाटते, पण बोलावे लागते. "थोडे रॉकेल टाकले की कार्बन जळतो" असे सांगणारे अजून भेटतात. रॉकेल पेट्रोलपेक्षा लवकर ठोका देते, नीट जळत नाही म्हणून काजळी वाढवते, आणि सिलिंडरच्या कडेने उतरून ऑइल पातळ करते. पातळ ऑइलवर चाललेल्या बेअरिंगा किती दिवस टिकणार?

थर फार टणक असेल, कॉम्प्रेशन एका सिलिंडरात पडले असेल, तर बाटलीचा नाद सोडून हेड उतरवावे. काजळी खरवडून व्हॉल्व्ह घासून घ्यावेत, सीलं नवी बसवावीत, टॅपेट लावावेत. खर्च जास्त येतो, पण पिस्टन आणि बोअर डोळ्यांनी दिसतात, आणि गाडी अजून चालवायची की विकायची याचा हिशेब तिथेच उभ्याउभ्या करता येतो. खरवडताना लोखंडी पाते वापरू देऊ नका, ॲल्युमिनियमवर ओरखडे पडतात.

जुनी डिझेल जीप किंवा ट्रॅक्टर काळा धूर टाकत असेल तर आधी एअर क्लिनर, मग नोझल, मग पंप, या क्रमाने तपासून घ्या. पेट्रोलची बाटली त्यात चुकूनही ओतू नका.