हजिऱ्याचा हलका रणगाडा

रणगाडा विमानानं लडाखला न्यायचा, तर पहिली अडचण वजनाची. टी-९० भरतो सुमारे ४६ टन. २०२० मध्ये चीनशी गलवान खोऱ्यात झालेल्या संघर्षानंतर असे रणगाडे तिथे पोचवले गेले खरे. पण विरळ हवेत इंजिनांनाही धाप लागते.

उत्तर घडलं सुरतजवळच्या हजिऱ्यात. लार्सन अँड टुब्रोनं डीआरडीओसोबत बनवलेला ‘झोरावर’ ६ जुलै २०२४ रोजी तिथेच जगापुढे आला. वजन २५ टन, तोफ १०५ मिलिमीटरची, शिवाय पाणी ओलांडण्याची सोय. सी-१७ विमानाच्या पोटात असे चक्क दोन मावतात!

नाव १८४१ साली तिबेटवर चालून गेलेल्या डोग्रा सेनापती झोरावरसिंगांचं. डिसेंबर २०२४ मध्ये, ४,२०० मीटरहून अधिक उंचीवरच्या चाचण्यांत, या रणगाड्यानं वेगवेगळ्या पल्ल्यांवर अचूक गोळे डागले.