जुन्या घराची दुरुस्ती : थोड्या खर्चांत व मूळ ठेवण राखून

वसई तालुक्यांत आगाशीपासून पापडीपर्यंत कोणत्याहि आळींतून फिरलें असतां एखादें तरी जुनें कौलारू घर मोडकळीस आलेलें दृष्टीस पडतें. घरांतील कर्ती मंडळी म्हणतात, "दुरुस्तीस नव्या घराइतकाच पैसा लागेल, त्यापेक्षां पाडलेलें बरें." हा हिशेब बहुधा चुकीचा असतो. पैसा उलट्या क्रमानें खर्चिला जातो, म्हणून तो पुरत नाहीं. प्रथम रंग, मग लादी, मग गिलावा, आणि छप्पर सर्वांच्या शेवटीं, असा हल्लींचा क्रम आहे. तो फिरवावा, एवढेंच या लेखांत सांगावयाचें आहे.

जुन्या घराचा मुख्य शत्रु पाणी होय. याचा पुरावा वसईच्या किल्ल्यांत उघडा आहे. १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं किल्ला घेतल्यानंतर पोर्तुगीजांचीं तेथील चर्चें व वाडे कालांतरानें ओस पडले. छपरें गेलीं, भिंतींच्या माथ्यावर झाडें रुजलीं, व मुळ्यांनीं दगड फोडले. तरीहि चुन्यांत बांधलेल्या कित्येक भिंती आज उभ्या आहेत. भिंत सहसा आपण होऊन पडत नाहीं. तिच्या डोक्यावरील छत्र गेलें म्हणजे ती पडूं लागते.

परंतु कामास हात घालण्यापूर्वीं कागद पाहावेत. आमची नोकरी महसूल खात्यांत गेली. तेथें आम्हीं पुष्कळदां पाहिलें कीं, घरें पावसानें पडतात त्याहून अधिक भाऊबंदकीनें पडतात. आजोबांच्या नांवावर असलेल्या घरांत पांच हिस्सेदार होतात, आणि घातलेला पैसा कोणाच्या पदरांत पडेल या शंकेनें कोणीच कौल फिरवीत नाहीं. गांवठाणाची मोजणी झाली असल्यास मिळकत पत्रिकेची नक्कल काढावी व वारसांचीं नांवें लावून घ्यावींत. नंतर सर्व हिस्सेदारांनीं एकत्र बसून कोणी किती खर्च करावयाचा व तो पुढें वांटणींत कसा धरावयाचा, हें लेखी करून सह्या कराव्यात. २००९ सालीं वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. तिच्या हद्दींतील घराची भिंत हलवावयाची किंवा उंची वाढवावयाची तर तिची परवानगी आधीं घ्यावी.

पहिल्या वर्षीं फक्त छप्पर करावें. पावसाच्या सरींत घरभर फिरून जेथें गळतें तेथें खडूनें खूण करावी व वहींत टिपावें. भात झोडून झालें म्हणजे काम काढावें व मृगापूर्वीं पुरें करावें. सर्वच कौलें फेंकूं नयेत. उतरून, घांसून, एकेक वाजवून पाहावें. खणखणीत वाजेल तें ठेवावें, बद्द वाजेल तें टाकावें. मंगळूर येथें बासेल मिशननें १८६५ सालीं कौलांचा कारखाना काढला. पुढें इतरहि कारखाने निघाले. त्यामुळें सगळ्या मंगळुरी कौलांच्या खांचा एकमेकींत बसतातच असें नाहीं. पाडलेल्या घराचीं जुनीं कौलें घेतांना आपलें एक कौल बरोबर न्यावें. शंभर चौरस फूट छपरास सुमारें १४० कौलें लागतात. वासे व रिपा कुजल्या असतील तेवढ्याच बदलाव्यात. पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्यात म्हणून छपराचा पुढावा कमी करूं नये.

दुसऱ्या वर्षीं जोत्याकडे लक्ष द्यावें. रस्त्यांवर भराव पडून कित्येक जोतीं रस्त्याच्या खालीं गेलीं आहेत. २०१८ च्या जुलैंत वसई, नालासोपारा भागांत पुराचें पाणी घरोघर शिरलें, तें अनेकांच्या स्मरणांत असेल. घराभोंवतालच्या जमिनीस बाहेरच्या बाजूस उतार द्यावा व पागोळ्यांखालीं चर काढून पाणी दूर न्यावें. केळीचें किंवा फुलझाडांचें आळें भिंतीस लागून ठेवूं नये.

तिसऱ्या वर्षीं भिंती व लांकूडकाम. येथें आमची स्वतःची चूक सांगतों. आमच्या घरच्या पडवीची भिंत ओल धरूं लागली, तेव्हां खालचा तीन फूट भाग आम्हीं सिमेंटानें गिलावून घेतला. दोन वर्षें भिंत सुरेख दिसली. तिसऱ्या पावसाळ्यांत सिमेंटाच्या वर, जेथें पूर्वीं कधींहि ओल नव्हती तेथें, पोपडे निघाले. आणि गिलाव्यांत गाडला गेलेला आजोबांच्या वेळचा सागाचा खांब बोटानें दाबतांच त्याचा भुसा झाला. गवंड्यास आम्हीं दोष देत नाहीं. त्यानें स्वस्त काम सांगितलें, आणि आम्हीं कारण विचारलें नाहीं.

कारण असें. जुन्या विटांच्या भिंतीस जमिनींतून ओल चढतेच. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असल्यामुळें ती बाहेर येऊन वाळते. सिमेंटाच्या घट्ट थरामागें ती कोंडते, वर चढते, व तिच्याबरोबर आलेले क्षार वीट फोडतात. म्हणून चुन्याच्या भिंतीस चुनाच लावावा. कळीचा चुना विरवून निदान तीन आठवडे पाण्याखालीं मुरूं द्यावा. विरवतांना तो उकळतो, म्हणून मुलांस दूर ठेवावें व डोळे सांभाळावेत. एक भाग चुन्यास तीन भाग नदीची वाळू घ्यावी. ओलीच्या जागीं वाळूचा एक भाग कमी करून विटांची सुरकी घालावी. थर पातळ द्यावेत व कित्येक दिवस ओलसर ठेवावेत. हवेंतील कार्बन डायऑक्साइड शोषून चुना हळूहळू दगडासारखा होतो. त्यास घाई चालत नाहीं. किनाऱ्यावरील वाळू व मचूळ विहिरीचें पाणी मुळींच वापरूं नये. त्यांतील मीठ भिंतींत राहतें.

खांबाचा पाय कुजला असल्यास तुळईस टेकू देऊन तेवढाच भाग कापावा व सुताराकडून नवा तुकडा सांधून घ्यावा. खांब दगडी तळखड्यावर उभा असतो तो ओलीपासून वर राहावा म्हणून. नवी लादी बसवितांना तळखडा गाडला जाऊं नये.

शौचकूप व न्हाणी मागील बाजूस स्वतंत्र भिंतीवर बांधावी, व विजेच्या तारा भिंत न खोदतां नळींतून वरूनच न्याव्यात. ओटी कांचेनें बंद करूं नये. ओटी व पडवी यांमुळें माजघराच्या भिंतीस ऊन व पाऊस लागत नाहीं; घराची शोभा म्हणून आपण जी राखूं पाहतों, तीच त्याची संरक्षणाची व्यवस्था आहे. जो हें समजून काम करील, त्याचा पैसाहि वांचेल व ठेवणहि राहील.

आमचा खांब गेला तो गेलाच. नवा सागाचा घातला आहे. वाचकांपैकीं ज्यांच्या घरचे खांब अद्याप शाबूत आहेत, त्यांनीं येत्या पावसाळ्यांत खडू व वही घेऊन एकदां घरांत फिरावें. त्यास खर्च कांहींच नाहीं.