गाव आपलं, प्लॉट कुणाचा?

शनिवारी दुपारी हिंगणीच्या फाट्यावर उभं राहून बघा. एसटीतून उतरतात ती सेलू-वर्ध्याच्या कॉलेजातून परतणारी आपल्यासारखी पोरं. आणि न थांबता बोरधरणाच्या दिशेने निघून जातात त्या नागपूर पासिंगच्या गाड्या. काहींना वाघ बघायचा असतो, तर काहींना प्लॉट.

बोर अभयारण्याला २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. देशातल्या सगळ्यात लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी हा एक. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, तोही वर्धा जिल्ह्यातूनच. धरण, जंगल, जवळ मोठं शहर आणि चांगला रस्ता. फार्महाऊसच्या जाहिरातीला आणखी काय लागतं?

पण गावातल्या घरांचा ‘बाजार’ वेगळाच आहे. गावठाणातलं घर सहसा विकायला निघत नाही. ते वाटणीत जातं, नाहीतर कुलूप लागून पडून राहतं. भाड्याने खोली शोधतात ते शिक्षक, बँकेतले कर्मचारी. कपाशी, सोयाबीन, तूर पिकवणारे आईवडील घर सांभाळतात आणि पोरगं बुटीबोरीच्या कंपनीत नाहीतर पुण्यात रूम शेअर करून राहतं. म्हणजे ज्याचं घर इथं आहे तो बाहेर भाडं भरतो, आणि ज्याचं घर बाहेर आहे तो इथं दुसरं बांधू बघतो!

हे फक्त आपल्याकडेच घडतंय असं नाही. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर सेंट आइव्ह्ज नावाचं छोटं गाव आहे. सुट्टीपुरती येणारी श्रीमंत मंडळी घरं घेत गेली आणि स्थानिक पोरांना ती परवडेनाशी झाली. २०१६ मध्ये गावाने सार्वमत घेऊन ठरवलं, की नवं घर कायम राहणाऱ्यालाच. पण मग खरेदीदार जुन्या घरांकडे वळले. नियम करूनही प्रश्न पूर्ण सुटला नाही.

मागच्या दिवाळीत हा प्रश्न आमच्या घरीच आला. एक ब्रोकर दोन एकरांचा भाव सांगून गेला. आकडा ऐकून मी मनातल्या मनात बाइकसुद्धा घेऊन टाकली. आजोबा एवढंच म्हणाले, “वावर इकलं तं पैसा दोन साल राह्यते. मंग तू कोनाच्या वावरात जाशीन?” आजही माझ्याकडे याचं तयार उत्तर नाही. कारण बहिणीच्या फीचा प्रश्न खरा आहे, आणि बेभरवशाचा कापूसही.

म्हणून विकू नका, असा उपदेश मी करणार नाही. पण तुमच्या घरीही असा माणूस आला, तर सही होण्याआधी घरातलं शिकलेलं पोरगं म्हणून तुम्ही एवढं नक्की करा. सातबारा आणि फेरफार स्वतः वाचा. आत्या-काकांची नावं त्यावर आहेत का, बघा. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घ्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, हे लक्षात ठेवा. नुसतं ‘एनए होऊन जाईल’ यावर जाऊ नका, आदेश दाखवा म्हणा. जंगलाजवळ इको-सेन्सिटिव्ह क्षेत्राची बंधनं असू शकतात, तीही विचारा. आणि गावठाणातल्या घराचं प्रॉपर्टी कार्ड झालंय का? २०२० मध्ये सुरू झालेली स्वामित्व योजना त्यासाठीच आहे. घराच्या तारणावर कर्ज मिळालं, तर कदाचित वावर विकावं लागणारही नाही.

आपल्याच जिल्ह्यात, सेवाग्रामला, बापूकुटी उभी आहे. माती, बांबू, कवेलू, सगळं आसपास मिळणारं. कधी गेलात तर थोडा वेळ बसा तिथे. घर केवढं, यापेक्षा त्यात कोण राहतं, हा प्रश्न तिथे आपोआप पडतो.

आमच्या दोन एकरांत यंदा तूर आहे. ब्रोकरचा नंबर अजून आईच्या फोनमध्ये सेव्ह आहे.