फिल्डवर कोण जाणार?

खेळातलं जग : भाग 6

गेल्या आठवड्यात आपण ‘पेपर्स, प्लीज’ या खेळात एका काल्पनिक देशाच्या सीमेवर बसून पासपोर्टवर शिक्के मारले. तिथे माणूस निदान खिडकीसमोर उभा तरी राहायचा. आजच्या खेळात तोही दिसत नाही. दिसतात ते त्याचे मेसेज, फोनवरचं बोलणं, बँकेचं खातं आणि दवाखान्याचे कागद. खेळाचं नाव ‘ऑरवेल’, आणि आज बोलायचं आहे ते त्याच्या दुसऱ्या भागाबद्दल. या दुसऱ्या भागावरून खेळणाऱ्यांमध्ये सरळ दोन तट पडले आहेत.

आधी पहिला भाग थोडक्यात. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात तिघांनी ‘ऑस्मोटिक स्टुडिओज’ नावाची छोटी कंपनी सुरू केली. 2013 साली एडवर्ड स्नोडेनने अमेरिकी हेरगिरीची कागदपत्रं उघड केली, त्यानंतरच्या वातावरणात त्यांना हा खेळ सुचला. ऑक्टोबर 2016 पासून त्याची पाच प्रकरणं दर आठवड्याला एक अशी आली. एका चौकात बॉम्बस्फोट होतो, कॅमेऱ्यात एक तरुणी दिसते, आणि सरकारने नेमलेला तपासनीस म्हणून तुम्ही तिचं सगळं डिजिटल आयुष्य उपसू लागता. नियम एकच, पण जबरदस्त. तुमच्या वरचा अधिकारी फक्त तुम्ही उचलून दिलेले माहितीचे तुकडे पाहतो. मागचंपुढचं बोलणं त्याला दिसत नाही. मित्रांमध्ये थट्टेत टाकलेलं वाक्य तुम्ही पाठवलंत, की त्याच्या टेबलावर ती धमकी होते. दोन तुकडे एकमेकांना छेद देत असतील तर त्यातला एकच पाठवता येतो. दुसरा कायमचा बाद.

फेब्रुवारी 2018 मध्ये पुढचा भाग आला, ‘इग्नोरन्स इज स्ट्रेंथ’. हे नाव जॉर्ज ऑरवेलच्या ‘1984’ या 1949 सालच्या कादंबरीतल्या सत्ताधारी पक्षाच्या घोषणेवरून घेतलं आहे. या भागात तुम्ही बाहेरचे तपासनीस नाही, सरकारच्या एका गुप्त खात्याचे नोकर आहात. समोर आहे राबान व्हार्ट, शेजारच्या देशातून आलेला आणि सरकारवर तुटून पडणारा पत्रकार. त्याची बायको, त्याचा भाऊ, त्यांचे फोन, सगळं तुमच्या पडद्यावर. शेवटी तुमच्या हाती एक नवं हत्यार येतं. जमवलेल्या तुकड्यांतून त्याच्याविरुद्धची गोष्ट रचायची आणि ती लोकांत सोडून द्यायची.

आता तक्रारी. पहिली लांबीची. आधी पाच प्रकरणं होती, इथे तीनच, त्यामुळे पैसे वसूल झाले नाहीत असं अनेकांना वाटतं. ही तक्रार रास्त आहे. दुसरी घड्याळाची. इथे प्रत्येक तुकडा पाठवला की खेळातली वेळ पुढे सरकते आणि काही गोष्टी हातातून निसटतात. काहींना हे उसनं दडपण वाटतं. काहींच्या मते यामुळेच दिसेल ते पाठवत सुटायची सवय मोडते. मी दुसऱ्या बाजूचा आहे. पहिल्या भागात सगळं पाठवत बसलं तरी फारसं बिघडत नसे. इथे काय पाठवायचं नाही, हाही निर्णय होतो.

तिसरी तक्रार सगळ्यात मोठी आहे. ती खापरखेड्याच्या एका इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्याने माझ्याकडे नेमक्या शब्दांत केली: “पहिल्यात कोणाले वाचवाचं हे मले समजत होतं. दुसऱ्यात वाचवासारखं कोणीच नाही.” खरं आहे. व्हार्ट गर्विष्ठ आहे, हट्टी आहे, सोयीचं तेवढंच बोलणारा आहे. सरकार तर खोटारडं आहेच. दोघांपैकी कोणाचीही बाजू घेताना हात स्वच्छ राहत नाहीत. बऱ्याच खेळणाऱ्यांना हा लेखनातला दोष वाटतो. पात्रं उथळ आहेत, असं ते म्हणतात.

खापरखेड्याचं नाव निघालं आहे तर तिथलंच आणखी एक मत सांगतो, कारण मला ते सगळ्यांत नेमकं वाटलं. नागपूरच्या उत्तरेला, कोलार नदीजवळ, आजूबाजूला कोळशाच्या खाणी असलेलं हे गाव महानिर्मितीच्या औष्णिक वीज केंद्रामुळे राज्यभर माहीत आहे. 210 मेगावॅटचे चार संच आणि 2011 पासून 500 मेगावॅटचा पाचवा, अशी मिळून 1340 मेगावॅटची क्षमता. तिथल्या कंट्रोल रूममध्ये उमेदीची वर्षं घालवलेल्या एका स्नेह्यांनी मुलाच्या लॅपटॉपवर हा खेळ पुरा केला. त्यांचा अभिप्राय एका वाक्याचा: “सगळं बराबर आहे, पण ह्याच्यात फिल्डवर माणूस पाठवाची सोयच नाही ना जी!”

हे जरा उलगडून सांगायला हवं. कंट्रोल रूममधला माणूसही दिवसभर पडदाच पाहतो. बॉयलर त्याला दिसत नाही, आकडे दिसतात. पण त्या आकड्यांवर आंधळा भरवसा कोणी ठेवत नाही. बॉयलरच्या ड्रममध्ये पाण्याची पातळी किती, हे सांगायला एकाऐवजी तीन ट्रान्समीटर बसवलेले असतात. एक वेगळंच काही दाखवू लागला तर उरलेल्या दोघांचं ऐकायचं. तरी संशय राहिला तर वॉकीटॉकीवरून फिल्डमधल्या माणसाला सांगायचं, “गेज ग्लास पाहून सांग.” तो माणूस उष्म्यात जिने चढून जातो, डोळ्यांनी काचेतली पातळी पाहतो आणि कळवतो. मग निर्णय. पातळी खाली जाऊनही कळलं नाही तर नळ्या जळतात, जास्त वर गेली तर पाणी टर्बाइनपर्यंत जाऊ शकतं. आकडा आणि वस्तू यांच्यात फरक असू शकतो, हे तिथे गृहीतच धरलेलं असतं.

‘ऑरवेल’च्या तपासनिसाला यातलं काहीच नाही. दोन तुकडे विरोधात गेले तर तिसरा ट्रान्समीटर नाही, आणि कोणाला विचारून ये म्हणावं असा माणूस नाही. पडद्यावर आलेलं तेच सत्य, आणि त्यातलं तुम्ही निवडलेलं तेच सरकारी सत्य. दुसऱ्या भागातली पात्रं उथळ वाटतात त्याचं कारण मला इथे सापडतं. ती तुकड्यांतूनच भेटतात. तुकड्यांतून माणूस कळत नाही, ठपका ठेवण्यापुरता मजकूर मिळतो. पहिल्या भागाने आपल्याला सहृदय पाळतकर्ता होण्याची मुभा दिली होती. दुसऱ्याने ती काढून घेतली. खेळणारे चिडले ते त्यामुळे.

अशीच नाराजी ‘बिहोल्डर’ या रशियन खेळाच्या दुसऱ्या भागालाही सोसावी लागली. पहिल्यात तुम्ही सरकारने नेमलेले इमारतीचे व्यवस्थापक असता, भाडेकरूंच्या खोल्यांत कॅमेरे लपवता, दाराच्या फटीतून डोकावता. 2018 च्या डिसेंबरात आलेल्या पुढच्या भागात तुम्ही थेट मंत्रालयात चिकटता आणि टेबलाशी बसून अर्ज निकाली काढता. डोकावण्याची मजा गेली, कारकुनी आली, अशी ओरड झाली. पाळत ही बहुतांशी कारकुनी असते, हे मात्र त्या खेळाने बरोबर ओळखलं होतं.

खेळाबाहेरचं जगही तेव्हा थांबलेलं नव्हतं. ‘ऑरवेल’च्या दोन भागांच्या मधल्या काळात, 24 ऑगस्ट 2017 रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. मार्च 2018 मध्ये, दुसऱ्या भागाचं शेवटचं प्रकरण यायच्या काहीच दिवस आधी, केंब्रिज ॲनालिटिकाचं प्रकरण फुटलं. 2019 मध्ये व्हॉट्सॲपने ‘पेगॅसस’ या हेरगिरी सॉफ्टवेअरबाबत ज्यांना सावध केलं, त्यात नागपूरचे एक वकीलही होते. 2023 साली वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला, पण त्यातून सरकारी यंत्रणांना सूट देण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे.

मग पाळत म्हणजे वाईटच का? याचं उत्तर नागपूर जिल्ह्यातच आहे. राज्य सरकारने 2024 मध्ये पोलिसांसाठी ‘मार्व्हल’ ही कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणारी कंपनी नागपुरात स्थापन केली. ऑगस्ट 2025 मध्ये नागपूर-जबलपूर महामार्गावर एका ट्रकच्या धडकेत दुचाकीवरच्या महिलेचा जीव गेला. नवऱ्याला ट्रकचा नंबर, कंपनी, काहीच सांगता येईना. लाल खुणा होत्या, एवढंच आठवत होतं. ग्रामीण पोलिसांनी तीन टोलनाक्यांवरचं चित्रण घेतलं. ‘मार्व्हल’च्या एका प्रणालीने लाल खुणांचे ट्रक वेगळे काढले, दुसरीने त्यांचा सरासरी वेग तपासला. एक ट्रक उरला. 36 तासांत तो ग्वाल्हेर-कानपूर महामार्गावर, नागपूरपासून सुमारे 700 किलोमीटरवर सापडला.

या तपासात प्रश्न नेमका होता: कोणता ट्रक? कोणाचं आयुष्य उपसायचं नव्हतं. आणि यंत्राने बोट दाखवल्यावर पोलीस जाऊन ट्रकपर्यंत पोहोचले. माझ्या स्नेह्यांच्या भाषेत, फिल्डवर माणूस गेला. कॅमेरे किती आहेत यापेक्षा पाळतीची परीक्षा इथे होते. प्रश्न मर्यादित आहे का, आणि उत्तर कोणी प्रत्यक्ष तपासलं का?

म्हणून माझा निकाल असा: ‘इग्नोरन्स इज स्ट्रेंथ’ पहिल्यापेक्षा तोकडा आहे, पण जास्त खरा आहे. दोन्ही खेळायचे असतील तर क्रमाने खेळा आणि दुसऱ्यात कोणी आवडलं नाही म्हणून अर्ध्यात सोडू नका. शेवटच्या प्रकरणात आपण जे करतो, ते आपल्यातले बरेच जण गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज करतात. कुठल्यातरी दुकानाच्या कॅमेऱ्यातली वीस सेकंदांची क्लिप येते, आधीचं-नंतरचं कापलेलं असतं, वर कोणीतरी ‘हाच तो’ लिहितो आणि आपण पुढे ढकलतो. तीच क्लिप न्यायालयात मांडायची तर 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार ती कोणत्या उपकरणातून, कशी घेतली याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. ग्रुपवर ते कोणी मागत नाही. निदान तुम्ही मागा.