देशवंडीचे वामनदादा आणि सिनेमाचं दार

१९५९ साली अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला आणि पुण्याच्या विजयानंद थिएटरात अडीच वर्षं मुक्काम ठोकून बसला. त्यातली ‘बुगडी’ ही लावणी आजही घराघरात आहे. आशा भोसले आणि विठ्ठल शिंदे यांनी गायलेलं ‘सांगा या वेडीला’ही त्यातलंच. ते लिहिलं सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीच्या वामन तबाजी कर्डक यांनी, हे मात्र किती जणांना ठाऊक असतं?

वामनदादांचा जन्म १९२२ चा. गुरं राखण्यात बालपण गेलं, शाळा घडलीच नाही. पुढे मुंबईत कष्टाची कामं करताना कुणीतरी पत्र वाचायला दिलं. वाचता येईना, तेव्हा हा तरणाताठा गडी रडला. देहलवी मास्तरांनी मुळाक्षरं गिरवून घेतली आणि दुकानांच्या पाट्या वाचत वाचत वामनदादा साक्षर झाले. १९४३ मध्ये पहिलं गाणं जुळवलं, तेही एका हिंदी गाण्याचं विडंबन. सिनेमाची चाल त्यांच्या लेखणीला पहिल्यापासूनच सवयीची होती.

पुढे ही लेखणी आंबेडकरी गाण्याकडे वळली, आणि नाशिकची माती अशा गाण्याला अनुकूल होती. १९३० चा काळाराम मंदिर सत्याग्रह इथला, १९३५ ची डॉ. आंबेडकरांची येवल्याची धर्मांतराची घोषणा इथली आणि आंबेडकरी जलसे गावोगाव नेणारे भीमराव कर्डकही याच जिल्ह्यातले. ढोलकी आणि पेटीच्या साथीनं जो विचार माणसाच्या काळजात उतरतो, तो भाषणानं उतरायला फार वेळ लागतो, हे या मंडळींनी ओळखलं होतं.

‘पंचारती’ चित्रपटातही वामनदादांचं गाणं आलं. सिनेमाचं दार उघडं होतं. पण मुक्काम त्यांनी आंबेडकरी चळवळीतच ठेवला. वस्त्यावस्त्यांत, रात्र रात्र जागणाऱ्या श्रोत्यांसमोर ते गात राहिले. ‘वाटचाल’, ‘मोहळ’ हे संग्रह निघाले. १९९३ मध्ये वर्ध्याच्या पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं. सिनेमात रमले असते तर दोन-चार लोकप्रिय गाणी आणखी मिळाली असती. त्यांनी निवडलेल्या वाटेनं महाराष्ट्राला हजारो गाणी मिळाली, आणि मला तरी हा सौदा कितीतरी मोठा वाटतो.

त्या दारातून खऱ्या अर्थानं आत शिरली ती पुढची पिढी. प्रल्हाद शिंदे यांच्या पहाडी आवाजानं भीमगीतं आणि विठ्ठलाची गाणी घरोघर नेली. त्यांचा मुलगा आनंद यांच्या ‘पोपट’ गाण्यानं ऐंशीच्या दशकात कॅसेटची दुकानं गाजवली आणि २००६ च्या ‘जत्रा’त अजय-अतुल यांच्या संगीतावर त्यांनी वैशाली सामंत यांच्यासोबत गायलेलं ‘कोंबडी पळाली’ लग्नाच्या वरातीत पोचलं. तीच चाल २०१२ मध्ये ‘अग्निपथ’मधून हिंदीतही गेली.

वामनदादा २००४ च्या मे महिन्यात गेले. १४ एप्रिलला, आंबेडकर जयंतीला, त्यांची गाणी आजही राज्यभर वाजतात. ती लावताना गायकाच्या बरोबरीनं गीतकाराचंही नाव माइकवरून घ्यायला हवं.